आधी लिही, मग बोल

माझ्या टेबलावर दोन वह्या आहेत. दोन्ही लांबट, शाळेच्या हजेरीपटासारख्या. एक माझी, एक माझ्या मित्राची. बारा वर्षं आम्ही दोघं माझ्या गच्चीवरून एकाच ताऱ्याकडे बघत आलो आणि जे दिसलं ते आपापल्या वहीत लिहीत आलो. त्याच्या वहीत त्याचा उजवा डोळा कसकसा गेला ते तारीखवार लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याला ते कळलं नाही. दर महिन्याला ती वही वाचणाऱ्याला, म्हणजे मला, कळायला हवं होतं, पण मलाही कळलं नाही. आणि त्या सगळ्या काळात तो रोज सकाळी चाळीस पोरांची बस चालवत होता.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्याच शाळेची पिवळी बस तो चालवायचा. आम्ही एका वर्गात शिकलो, पण तो अर्धा वेळ मेंढरांमागे असायचा, कारण त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरंच. आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला माळावर आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं जातात आणि गाव निम्मं होतं. दारं बंद, दिवे बंद. शाळेत बाकं रिकामी दिसायची तेव्हा मला वाईट वाटायचं, आणि संध्याकाळी गच्चीवर आलो की आकाश काळंभोर झालेलं बघून बरं वाटायचं. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही सांगतो.

आमचा तारा मिथुन राशीत आहे. अशा ताऱ्यांना खुजे नवतारे म्हणतात. खरं तर ते दोन तारे असतात, एकमेकांना चिकटून फिरणारे. त्यातला लहान तारा मोठ्याच्या अंगावरचा वायू ओढून घेत राहतो. तो वायू त्याच्याभोवती साठत जातो, साठत जातो, आणि एक दिवस भडकतो. एरवी हा तारा आमच्या दुर्बिणीतूनसुद्धा दिसत नाही. भडकला की दिवसा-दोन दिवसांत ठसठशीत दिसायला लागतो, आठवडा-दोन आठवडे टिकतो आणि पुन्हा विझतो. परत कधी भडकेल ते नक्की सांगता येत नाही. मोठ्या दुर्बिणींना अशा ताऱ्यांवर रोज पाळत ठेवायला सवड नसते. ती आमच्यासारख्या हौशी लोकांनी ठेवायची आणि काय दिसलं ते इंटरनेटवर पाठवायचं.

पाळत ठेवायची म्हणजे बहुतेक वेळा काही दिसलं नाही असंच लिहायचं. पण नुसतं ‘दिसला नाही’ लिहून चालत नाही. शेजारी ठरलेले तारे असतात, त्यांची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, माहीत असते. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. त्यातला सगळ्यात मंद कुठला दिसला तो आकडा लिहायचा. म्हणजे ‘आमचा तारा १३.५ पेक्षा मंद आहे’ अशी नोंद होते. वाचणाऱ्याला त्यातून दोन गोष्टी कळतात, तारा भडकलेला नाही आणि बघणाऱ्याची नजर कुठवर पोचते. ही दुसरी गोष्ट मी नववीच्या पोरांना फळ्यावर समजावून सांगितलेली आहे.

त्याची नजर माझ्यापेक्षा पुढे पोचायची. मी १३.५ वर अडायचो, तो १३.९ लिहायचा. मंद तारा बघायची एक रीत असते: त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, थोडं बाजूला बघायचं, मग तो डोळ्याच्या कडेला उमटतो. ही रीत मी पुस्तकात वाचून महिनाभर घोकली होती. त्याला सांगायला गेलो तर तो हसला.

“हे आमच्या बापानं शिकवलंय की,” तो म्हणाला. “दिवेलागणीला लांडगा आला की मेंढरं गप हुत्यात. बाप म्हणायचा, सरळ नगं बघू, दिसायचा न्हाई. बाजूच्या बाभळीकडं बघ, मंग कडंला हालताना दिसतो.”

दुर्बिणीतही त्यानं तसंच केलं. आमच्या ताऱ्याच्या उजव्या अंगाला एक साधासा तारा आहे, त्याला तो ‘बाभळ’ म्हणायचा. नजर बाभळीवर रोखायची आणि लांडगा येतोय का ते कडेनं बघायचं. बारा वर्षं रोज हेच, एकाच, उजव्या डोळ्यानं, एकाच जागी.

आमचा एक नियम होता आणि तो माझा होता. आधी लिही, मग बोल. एकानं ‘दिसतोय’ म्हटलं की दुसऱ्यालाही दिसायला लागतं, माणसाचं मन तसं लबाड असतं. म्हणून एकमेकांना विचारायचं नाही. आपापलं बघायचं, आपापलं लिहायचं, वही मिटायची. महिना संपला की मी दोन्ही वह्या घेऊन आकडे पाठवायचो. तारा भडकलेला दिसला तर मात्र दोघांचं लिहून झाल्यावर लगेच वह्या उघडायच्या. या नियमाचा मला फार अभिमान होता. पाहुण्यांना सांगायचो, आमच्याकडे पुण्या-मुंबईच्या वरताण शिस्त आहे.

आता जे लिहायचंय ते लिहायला मला आवडत नाही. एका थंडीत त्याचा आकडा १३.६ वर आला. पुढच्या महिन्यात १३.५. माझाही १३.५ होता. ते बघून मला बरं वाटलं. इतकी वर्षं ज्याला भिंगाची साफसफाईसुद्धा मी शिकवली, तो माझ्यापुढे होता हे मला आत कुठंतरी सलत होतं, आणि आता तो माझ्या बरोबरीला आला होता. मी आकडे पाठवले आणि शांत झोपलो.

मग तो १३.१ वर आला. तेव्हा मी कारण शोधायला लागलो आणि कारणं भरपूर होती. रस्त्याच्या कामासाठी माळावर खडी क्रशर आला होता, त्याची धूळ संध्याकाळपर्यंत तरंगत राहायची. त्यातच देवळासमोर पुढाऱ्यानं उंच खांबावर मोठा दिवा लावला. आम्ही दोघं त्या दिव्यामागे हात धुऊन लागलो. त्याला टोपण बसवा म्हणून तीन वेळा पुढाऱ्याच्या बैठकीत जाऊन बसलो.

“गाव उजेड मागतंय आन् तुमी अंधार मागायलात,” पुढारी म्हणाला. “कावून बे, चोऱ्या करायच्यात का?”

सगळी बैठक हसली. त्याच सुमारास आकाशात ड्रोन फिरतात, घरं हेरतात अशी आवई उठली होती. गावोगाव माणसं काठ्या घेऊन फिरत होती. आमच्या गच्चीवर नोंदी लिहायची लाल बॅटरी लुकलुकते म्हणून एका संध्याकाळी आठ-दहा जण वर आले. मी त्यांना दुर्बिणीतून गुरू दाखवला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. या सगळ्या गडबडीत वर्ष गेलं. शेवटी दिव्याला पत्र्याचं टोपण बसलं आणि आम्ही जिंकल्यासारखे पेढे खाल्ले.

टोपण बसल्यावर त्याचा आकडा १२.७ झाला. माझा १३.४ होता. दिव्याआधी १३.५, दिव्यानंतर १३.४. धूळ दोघांनाही होती, दिवा दोघांनाही होता, दुर्बीण एकच होती. मी विज्ञानाचा मास्तर, आणि मला एवढी वजाबाकी सुचली नाही. मला वाटलं त्याचं लक्ष राहिलं नाही. बसवर राबून येतो, कंटाळतो, उरकून टाकतो. तसं मी त्याला बोललोही.

“उगं पाट्या टाकू नको. बघायचं नसंल तर येऊ नको,” मी म्हणालो.

नंतर वही चाळताना दिसलं की त्या दिवसापासून त्याच्या नोंदीतली वेळ वाढली होती. आधी पाच मिनिटं बघायचा, आता वीस मिनिटं बघत होता.

दिवसाच्या खुणाही होत्याच. बसचा डावा आरसा दोनदा फुटला. त्यानं फाटक अरुंद आहे म्हणून सांगितलं. माझ्याकडे चहा घेताना बशीच्या कडेला हात लागून कप दोनदा लवंडला. बायको म्हणाली, भावजींचं लक्ष कुठं असतं हल्ली. शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं, त्यात त्यानं तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग फेब्रुवारीतली ती संध्याकाळ आली. आठ वाजले असतील, खाली स्वयंपाक चालू होता. मी दुर्बिणीच्या आयपीसला डोळा लावला आणि आमच्या ताऱ्याच्या जागी तारा होता. चांगला ठसठशीत, दहाच्या आसपास. भडकला होता. पण नियमाप्रमाणे मी तोंड मिटून लिहिलं आणि बाजूला झालो. तो बसला. वीस मिनिटं बसला. मग लिहून त्यानं वही मिटली.

“लिहिलंस? आण,” म्हणून मी त्याची वही उघडली. त्यात लिहिलं होतं: दिसला नाही, ११.८ पेक्षा मंद.

माझा संताप झाला. जो तारा नववीतलं पोरगं पहिल्या झटक्यात दाखवेल तो याला दिसत नाही, आणि त्याहून मंद तारा मात्र दिसतो. मी म्हणालो, “झोपलातास का बे? परत बघ.”

त्यानं परत डोळा लावला. “न्हाई तिथं,” तो म्हणाला. “जागा मोकळी हाय.”

“बाभळीकडं नको बघू. सरळ बघ जागेवर.”

त्यानं नजर सरकवली. “हाय की,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. “सरळ बघितलं की येतो. बाभळीकडं बघितलं की जातो.” मग त्यानं ते पुन्हा करून बघितलं, आणि पुन्हा. “येतो. जातो. येतो.”

हे उलटं होतं. तिरकं बघितल्यावर तारा उजळतो. तिरकं बघितल्यावर तारा जात असेल तर आभाळात काही बिघडलेलं नसतं, डोळ्याची ती बाजूच मेलेली असते. इतर तारे तो डोळा फिरवून फिरवून शोधायचा, म्हणून कुठल्या तरी जिवंत तुकड्यावर पडून ते दिसायचे. आमच्या ताऱ्याची जागा मात्र तो बारा वर्षांच्या सवयीनं नेमकी त्या मेलेल्या तुकड्यावर धरत होता. लांडगा येऊन उभा होता आणि हा बाभळीकडं बघत बसला होता.

मी खाली जाऊन त्याच्या वहीतले तीन वर्षांचे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. शेजारी माझे मांडले. माझी रेघ आडवी गेली. त्याची उताराला लागलेली होती, कुठंही न थांबता. तो माझ्या खांद्यावरून बघत होता.

“धूळ न्हवती तर,” तो म्हणाला.

मी म्हणालो, उद्याच डोळे दाखवू. तो म्हणाला, पोरांचे पेपर होऊ दे. दहावीची पोरं त्याच्या बसनं केंद्रावर जायची, वाड्या-वस्त्यांवरची, दुसरा डायव्हर शाळेकडे नव्हता. “रस्ता पाठ हाय मला. डोळं मिटून नेईन,” असं म्हणून तो हसला. मी हसलो नाही, पण मुख्याध्यापकांकडेही गेलो नाही. गेलो असतो तर त्याची नोकरी माझ्या तोंडून गेली असती. मी माझी मोटारसायकल घरी ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये पुढच्या डाव्या सीटवर, दाराजवळ बसायला लागलो.

आठ दिवस मी त्याची डावीकडची नजर झालो. पहिल्या दिवशी म्हणालो, “डावीकडं सायकल.” तो म्हणाला, “दिसतीय मला.” दिसत नव्हती, कारण स्टिअरिंग नंतर वळलं. दुसऱ्या दिवसापासून मी बोलायचं सोडून नुसता खोकायला लागलो. खोकलो की तो गती कमी करायचा. आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. पोरं मागे पाठांतर करत होती. एक मुलगी मला म्हणाली, सर, खोकल्याला अडुळसा घ्या. रोज शेवटचं पोरगं उतरलं की माझा सदरा पाठीला चिकटलेला असायचा.

आठव्या दिवशी सकाळी ओढ्याच्या पुलाआधी एका मुलीचं कंपासपेटीतलं सगळं सामान खाली सांडलं. मी वाकून तिचं हॉलतिकीट उचलून दिलं. तेवढाच वेळ. खालून दणका बसला आणि बस करकचून थांबली. मी मान वर केली तर काचेसमोर सगळी मेंढरंच मेंढरं. रस्ता ओलांडणारा कळप होता आणि आम्ही त्यात घुसलो होतो. डाव्या चाकाखाली एक मेंढी होती. दाराच्या बाहेर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, काठी घेतलेला म्हातारा उभा होता. माझ्या मित्राचे सख्खे चुलते.

तो खाली उतरला. चुलत्यांनी आधी चाकाखाली बघितलं, मग त्याच्याकडे.

“आंधळा झालास का रं?” ते म्हणाले.

“व्हय, नाना,” तो म्हणाला. “तुमी बी दिसला न्हाईत मला.”

मग त्यानं बसची चावी काढून माझ्या हातात दिली. पोरांना मागून आलेल्या एका टेम्पोतून केंद्रावर पाठवलं, पेपर सगळ्यांना मिळाला. मुख्याध्यापकांना त्यानं स्वतः जाऊन सगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही, ती म्हणजे मला आठ दिवसांपासून माहीत होतं. मीही आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या चाळीस पोरांपैकी कुणी बाजारात भेटून पाया पडायला वाकलं की मला तिथून निघून जावंसं वाटतं.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा बराच गेलेला, डाव्याचीही डावीकडची कड जायला लागलेली. कडेची नजर आधी जाते, समोरची शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. नजरेचा घेर तपासायचं एक यंत्र असतं. त्यात हनुवटी टेकवून समोर एका ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. त्यानं ते करताना मी मागे उभा होतो. बारा वर्षं गच्चीवर केलं तेच. बराच वेळ त्यानं बटण दाबलंच नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, बरेच जण अंदाजानं दाबतात, यांनी एकदाही खोटं दाबलेलं नाही. मला रडू आलं आणि मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. थेंब घालत राहायचं, उरलेलं टिकलं तर टिकलं. शाळेनं त्याला फाटकावर बसवलं आहे. पोरांना तो आता आवाजावरून ओळखतो.

गच्चीवर येणं त्यानं सोडलं नाही. उजव्या डोळ्यानंच बघत राहिला. मी म्हणालो, डाव्यानं बघ. तो म्हणाला, “वही एका डोळ्याची हाय. मधीच दुसरा घुसवला तर ती खोटी हुईल.” ही शिस्त मीच लावली होती. त्याचे आकडे मी मांडत राहिलो. अकरा. दहा पूर्णांक सहा. दहा.

मागच्या आठवड्यात आमचा तारा पुन्हा भडकला. या खेपेला चांगलाच, ९.३. मी लिहिलं आणि सरकलो. तो बसला. बराच वेळ गेला. दिव्याच्या टोपणावर वारा वाजत होता. मग त्यानं बारा वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

“तुला दिसतोय का बे?”

मला हो म्हणायचं होतं. हो, हाय, ठसठशीत हाय, तू लिही मला दिसला म्हणून, असं म्हणायचं होतं. तो तसा लिहिणारा नव्हता हे मला माहीत होतं.

“आधी लिही,” मी म्हणालो. “मग बोल.”

त्यानं लाल बॅटरीच्या उजेडात लिहिलं आणि वही उघडीच माझ्यापुढे धरली. ‘दिसला नाही’ एवढंच होतं. किती प्रतीपर्यंत दिसलं त्या रकान्यात त्यानं एक आडवी रेघ मारली होती, कारण शेजारचा एकही तारा दिसला नव्हता. आकड्याशिवायची नोंद पाठवता येत नाही. ती माझ्याकडेच राहिली.

मी काही बोलायच्या आत त्यानं शर्टाच्या आतून दुसरी वही काढली. नवी, कोरी. बरोबर घेऊन आला होता, म्हणजे त्याला अंदाज होता. पहिल्या पानावर त्यानं ‘डावा डोळा’ असं लिहिलं, तारीख घातली आणि दुर्बिणीवर वाकला. या वेळी फार वेळ लागला नाही. त्यानं आकडा लिहिला. मी हात पुढे केला तशी त्यानं वही मिटली.

“ती उजव्याची वही उघडलीच की नियमापरमाणं. एका दिवसात एकच,” तो म्हणाला. “ही महिना संपल्यावर.”

असा काही नियम नव्हता. पण मी मान हलवली. टेबलावरच्या त्या दोन वह्यांखेरीज ही तिसरी, त्याची नवी वही मी खणात ठेवली आहे. डावा डोळा किती उरलाय तो आकडा त्या मिटलेल्या वहीत लिहिलेला आहे. आलेखाचा कोरा कागद मी बाजूला काढून ठेवलाय. महिना संपायला अजून चार दिवस आहेत, आणि मला ती वही उघडायची भीती वाटते.